दिवसाचा दिवा आणि एलईडी बल्ब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या गाडीच्या डे-टाइम रनिंग लाइटमध्ये, म्हणजे दिवसाच्या दिव्यात, पी२१डब्ल्यू प्रकारचे साधे, तारेचे बल्ब आहेत. त्यांचा प्रकाश पिवळट दिसतो आणि दोन वर्षांत तीन बल्ब उडाले. त्याच होल्डरमध्ये बसतील असे एलईडी बल्ब मिळतात आणि त्यांच्या खोक्यावर ‘दुप्पट उजेड’ असे छापलेले असते. ते बसवावेत का?

उत्तर : बसवता येतात, पण त्यामुळे दिवा सुधारला की बिघडला हे खोक्यावरून कळत नाही. ते गाडीसमोर काही अंतरावर उभे राहिल्यावरच कळते. या दिव्याचे काम तुम्हाला रस्ता दाखवण्याचे नाही. समोरून येणाऱ्याला, रस्ता ओलांडू पाहणाऱ्याला आणि पुढच्या गाडीच्या आरशात पाहणाऱ्याला तुमची गाडी भर दिवसाही लवकर दिसावी, एवढ्यासाठीच तो आहे. स्वीडनने १९७७ मध्ये दिवसा दिवे लावणे सक्तीचे केले, कॅनडाने १ डिसेंबर १९८९ पासून तयार होणाऱ्या नव्या गाड्यांना हे दिवे बंधनकारक केले आणि युरोपीय संघाने ७ फेब्रुवारी २०११ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना तीच अट घातली. या सर्वांमागचा हेतू दुसऱ्यांना गाडी दिसावी हाच होता. त्यामुळे बल्ब बदलताना ‘मला तो कसा दिसतो’ यापेक्षा ‘समोरच्याला तो कसा दिसेल’ हा प्रश्न आधी विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खोक्यावरचा आकडा ल्युमेनचा असतो. बल्बमधून सर्व दिशांना मिळून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, तेवढेच तो सांगतो. समोरच्या माणसाच्या दिशेने किती तीव्र प्रकाश निघतो हे कॅन्डेलामध्ये मोजतात, आणि ल्युमेनचे कॅन्डेलात रूपांतर करण्याचे काम बल्बमागचा रिफ्लेक्टर, म्हणजे चकचकीत वाटी, व पुढची काच करतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील ८७ क्रमांकाच्या नियमानुसार दिवसाच्या दिव्याची तीव्रता थेट समोरून किमान ४०० कॅन्डेला असावी लागते आणि ती १२०० कॅन्डेलाच्या वर जाता कामा नये. त्याचा उजळणारा भाग २५ ते २०० चौरस सेंटिमीटर आणि रंग पांढरा असावा लागतो. पी२१डब्ल्यू बल्बचा प्रमाणित प्रकाश ४६० ल्युमेन असतो. तुमच्या दिव्याच्या रचनाकाराने त्या ४६० ल्युमेनमधून वरील मर्यादेत बसेल असा झोत घडवलेला असतो आणि तो घडवताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे तापणारी तार नेमकी कोठे असेल. पी२१डब्ल्यूमध्ये ती बल्बच्या संदर्भ-पातळीपासून ३१.८ मिलिमीटरवर असते आणि रिफ्लेक्टरचा केंद्रबिंदूही तेथेच जुळवलेला असतो.

एलईडी बल्बमध्ये तार नसते. दांड्याच्या चारी बाजूंना आणि टोकाला प्रकाश देणाऱ्या लहान लहान चिप बसवलेल्या असतात. त्यांतील काहींचा प्रकाश केंद्रबिंदूच्या पुढून निघतो, काहींचा मागून, आणि टोकावरच्या चिपचा प्रकाश तर रिफ्लेक्टरला न शिवता सरळ काचेतून बाहेर पडतो. त्यामुळे जवळून पाहताना दिवा प्रखर भासतो आणि वीस-तीस पावलांवर गेल्यावर मध्ये एक तेजस्वी ठिपका व भोवती अंधारलेली वाटी एवढेच उरते. याच्या उलटही घडते. सरळ समोर उभे राहिल्यास दिवा मंद दिसतो आणि थोडे बाजूला सरकताच डोळे दिपतात. दांड्याची जाडी तारेच्या कुंडलीएवढीच ठेवून चिप योग्य अंतरावर बसवलेले बल्बही असतात आणि योग्य रिफ्लेक्टरमध्ये ते खरोखर चांगले काम करतात. म्हणूनच ‘एलईडी चांगले की वाईट’ असा सरसकट निवाडा मी देत नाही.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक कसोटी सांगतो. मोबाइलमध्ये लक्स, म्हणजे एखाद्या जागी किती प्रकाश पडतो ते, मोजणारे अॅप घ्या आणि अंधाऱ्या जागी गाडी भिंतीपासून दूर, सपाट जमिनीवर उभी करा. आधी जुन्या बल्बचे माप घ्या. दिव्याच्या मध्यापासून बरोबर ३ मीटरवर, दिव्याच्याच उंचीवर मोबाइलचा प्रकाश-संवेदक दिव्याकडे वळवून धरा आणि दुसरा दिवा झाकून ठेवा. आलेला लक्सचा आकडा अंतराच्या वर्गाने, म्हणजे ९ ने गुणला की अंदाजे कॅन्डेला मिळतात. या हिशेबाने ४०० कॅन्डेला म्हणजे सुमारे ४४ लक्स आणि १२०० कॅन्डेला म्हणजे सुमारे १३३ लक्स. मोबाइलचा संवेदक प्रयोगशाळेतला नसतो, त्यामुळे नुसत्या आकड्यापेक्षा तुलनेला अधिक महत्त्व द्या. त्याच जागी नवा बल्ब लावून मोजा, मग डावीकडे व उजवीकडे एकेक मीटर सरकून पुन्हा मोजा. नवा बल्ब सर्व ठिकाणी जुन्याच्या जवळपास किंवा थोडा वर असेल आणि १२०० कॅन्डेलाच्या आत राहत असेल, तर तुमच्या रिफ्लेक्टरशी त्याचे जुळले असे समजावे. सरळ समोर माप निम्म्यावर आले, तर खोक्यावर काहीही लिहिलेले असले तरी तो बल्ब परत करावा.

मोजणीची घाई मात्र करू नका. तारेच्या बल्बची बहुतेक उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने पुढे निघून जाते. एलईडीची उष्णता मागे, बुडातच साठते आणि चिप तापली की तिचा प्रकाश घटतो. दिवा लावून अर्धा तास गेल्यावर, शक्यतो गाडी चालवून आल्यानंतर इंजिन गरम असताना घेतलेले माप खरे मानावे. पहिल्या मिनिटाच्या झगमगाटावर भुलून पैसे खर्च केलेले अनेक जण मी पाहिले आहेत.

रंगाबाबत थोडक्यात सांगायचे तर खोक्यावर ६००० केल्विनच्या (हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आसपासचा आकडा असेल तर प्रकाश पांढरा दिसतो. ८००० आणि त्यापुढे तो निळसर होत जातो आणि नियमाला अपेक्षित असलेला पांढरा रंग राहत नाही. शिवाय निळसर दिव्यामुळे समोरच्याला एखादे आपत्कालीन वाहन येत असल्याचा भास होऊ शकतो.

आता दोन वर्षांत तीन बल्ब उडाल्याबद्दल. दिवसाचा दिवा इंजिन सुरू असताना सतत जळतो, त्यामुळे त्याचे तास लवकर भरतात हे खरे आहे. तरीही तार लवकर तुटण्यामागे जास्त व्होल्टेज हे मोठे कारण असते. बारा व्होल्टचे बल्ब १३.५ व्होल्टवर तपासलेले असतात आणि तारेचे आयुष्य व्होल्टेजच्या साधारण तेराव्या घाताच्या प्रमाणात घटते. होल्डरपाशी १४.५ व्होल्ट येत असतील तर आयुष्य निम्म्याहूनही कमी होते. म्हणून इंजिन सुरू ठेवून मल्टिमीटरने होल्डरवरचे व्होल्टेज मोजून घ्या. १४.७ च्या वर आकडा जात असेल तर दोष अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या वीजनिर्मिती यंत्राच्या, रेग्युलेटरमध्ये असू शकतो. तो दुरुस्त न करता एलईडी लावले, तर त्यांच्यातील इलेक्ट्रॉनिक भागांवरही तोच ताण येईल. होल्डरमध्ये सैल बसलेला बल्ब थरथरूनही उडतो, तेव्हा पितळी टोपी आणि होल्डरची पकडही तपासावी.

प्रश्न : एलईडी बल्ब लावल्यापासून डॅशबोर्डवर ‘बल्ब गेला’ अशी सूचना येते आणि इंजिन बंद असतानाही दिवा अधूनमधून लुकलुकतो. मेकॅनिकने रेझिस्टर लावण्याचा सल्ला दिला आहे. तो सुरक्षित आहे का?

उत्तर : सूचना का येते हे आधी समजून घ्यावे. गाडीचा नियंत्रक बल्बमधून किती विद्युत प्रवाह जातो हे पाहत असतो. पी२१डब्ल्यू बल्ब १३.५ व्होल्टवर सुमारे २५ वॅट घेतो, म्हणजे दोन अँपिअरच्या थोडा आत. एलईडी बल्ब पाच ते आठ वॅटच घेतो, आणि इतका थोडा प्रवाह पाहून तार तुटली असा निष्कर्ष नियंत्रक काढतो. दिवा बंद असताना तार शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी काही गाड्या अतिशय लहान विद्युत-स्पंद पाठवतात. तेवढ्याने तार तापत नाही, एलईडी मात्र तेवढ्यानेही चमकते. तुम्हाला दिसणारे लुकलुकणे बहुधा तेच आहे.

रेझिस्टर एलईडीच्या जोडीला जादा प्रवाह खेचतो आणि नियंत्रकाला तारेचा बल्बच असल्याचे भासवतो. सर्रास विकला जाणारा रेझिस्टर ६ ओहमचा, ५० वॅट क्षमतेचा असतो. १३.५ व्होल्टवर तो सुमारे ३० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे मूळ बल्ब जेवढी वीज घेत होता त्याहून अधिक वीज तो नुसता तापण्यात घालवतो. त्यावर छापलेला ५० वॅटचा आकडा धातूच्या मोठ्या पत्र्यावर घट्ट बसवला असेल तरच लागू असतो. वायरच्या गुंडाळीत लोंबत ठेवलेला किंवा प्लॅस्टिकच्या बंपरला चिकटपट्टीने लावलेला रेझिस्टर सहज शंभर अंशांच्या वर जातो आणि वायरवरचे आवरण वितळवू शकतो. तो लावायचाच असेल तर गाडीच्या धातूच्या सांगाड्याला स्क्रूने बसवावा, जवळून एकही वायर जाऊ देऊ नये आणि अर्धा तास दिवा चालवून आजूबाजूचा भाग तपासावा.

याहून महत्त्वाचा तोटा असा की रेझिस्टर लावल्यावर नियंत्रकाला सर्व काही ठीक असल्याचेच भासत राहते. उद्या एलईडीतील चिप एकेक करून विझल्या किंवा बल्ब पूर्ण बंद पडला, तरी डॅशबोर्डवर काहीच येणार नाही. जी सूचना तुमच्या सुरक्षिततेसाठी होती ती तुम्ही स्वतःच्या हाताने बुजवलेली असेल. काही गाड्यांमध्ये त्या दिव्यासाठी एलईडीची नोंद करण्याची सोय नियंत्रकाच्या सेटिंगमध्ये असते आणि अधिकृत सेवा केंद्रात ती करून घेता येते. ती सोय असेल तर रेझिस्टरपेक्षा तोच मार्ग घ्यावा. सोय नसेल आणि सूचना जात नसेल, तर मूळ बल्बच परत लावावेत असे माझे मत आहे.

एक गोष्ट राहून जाऊ नये. काही गाड्या दिवा मंद करण्यासाठी वीज सेकंदाला शंभर-दोनशे वेळा चालू-बंद करतात. तार तेवढ्या वेळात थंड होत नाही, म्हणून तिचा प्रकाश स्थिर दिसतो. एलईडी प्रत्येक वेळी खरोखर विझते आणि नजर चटकन फिरवली की रस्त्यावर मणी ओवल्यासारखे ठिपके दिसतात. तुमच्या गाडीत असे होत असेल, तर आत प्रवाह स्थिर करणारे सर्किट असलेला बल्ब निवडावा. मोबाइलच्या व्हिडिओत दिवा फडफडताना दिसणे एवढाच मात्र दोषाचा पुरावा मानू नये, कारण कॅमेऱ्याचा वेग आणि दिव्याचा वेग जुळला नाही तरीही तसे दिसते.

प्रश्न : माझ्या गाडीत दिवसाचा दिवा आणि रात्रीचा पार्किंग लाइट एकाच पी२१/५डब्ल्यू बल्बमध्ये आहेत. तेथे एलईडी लावताना वेगळी काळजी घ्यावी का?

उत्तर : होय, आणि ती रात्रीची घ्यावी. या बल्बमध्ये दोन तारा असतात. मोठीचा प्रमाणित प्रकाश ४४० ल्युमेन आणि लहानीचा ३५ ल्युमेन असतो, म्हणजे दोन्हींत साधारण बारापटीचे अंतर राखलेले असते. रात्री हेडलाइट लागल्यावर मोठी तार विझते आणि लहान तार फक्त गाडीची रुंदी दाखवते. अनेक एलईडी बल्बमध्ये हे अंतर तीन-चार पटींवरच येते. मग दिवसा सोयीचा वाटलेला दिवा रात्री हेडलाइटच्या शेजारी टोचू लागतो आणि गाडी चालवणाऱ्याला आतून त्याचा पत्ताही लागत नाही. वर सांगितलेली लक्सची कसोटी येथे दोनदा करा. जुन्या बल्बचे दिवसाचे व रात्रीचे माप टिपून ठेवा आणि नव्या बल्बचे रात्रीचे माप जुन्याच्या रात्रीच्या मापाजवळ आहे ना, ते पाहा.

बसवताना लक्षात ठेवायचे ते असे की या बल्बच्या टोपीवरच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने आत जातो. अडकत असेल तर जोर लावू नका, फिरवून पाहा. ज्या गाड्यांत चपट्या बुडाचा, डब्ल्यू२१डब्ल्यू जातीचा बल्ब असतो त्यात एलईडी उलटी बसू शकते आणि लागत नाही. ती काढून अर्धा फेरा फिरवून लावली की लागते. कोणताही बल्ब काढण्यापूर्वी दिवा बंद करून तो थंड होऊ द्यावा.

प्रश्न : माझ्या गाडीत एच१५ बल्ब आहे. त्याच्या जागी एलईडी चालेल का?

उत्तर : माझा सल्ला नकाराचा आहे. एच१५ मध्ये १५ वॅटची तार दिवसाच्या दिव्यासाठी आणि ५५ वॅटची तार हेडलाइटच्या हाय बीमसाठी असते. येथे बदलल्या जाणाऱ्या दिव्याने तुम्हाला रात्री रस्ता दिसायचा असतो, आणि चिपची जागा किंचित जरी चुकली तरी लांबचा झोत फाटतो. दिवसाच्या दिव्याच्या हौसेसाठी रात्रीचा हाय बीम पणाला लावू नये. हा हॅलोजन बल्ब बदलताना काचेला बोटे लागू देऊ नका. बोटांवरचा तेलकटपणा लागलेली काच त्या जागी जास्त तापते आणि बल्बचे आयुष्य घटते.

प्रश्न : एलईडीमुळे वीज वाचते, म्हणजे इंधनही वाचत असेल ना? आणि दिवे लागल्यावर माझा एफएम रेडिओ खरखरतो, त्याचा या बल्बशी संबंध आहे का?

उत्तर : इंधन वाचते, पण किती ते पाहू. दोन तारेचे बल्ब मिळून सुमारे ५० वॅट आणि दोन एलईडी मिळून सुमारे १२ वॅट धरले तर बचत ३८ वॅटची होते. अल्टरनेटर आणि इंजिन यांच्या कार्यक्षमतेचा हिशेब धरून ही बचत ताशी सरासरी ५० किलोमीटर वेगाने दर १०० किलोमीटरमागे साधारण ६० मिलिलिटर पेट्रोलची भरते. टायरमधील हवा योग्य ठेवल्याने याहून जास्त वाचते. वर सांगितलेले रेझिस्टर लावले असतील तर ही बचत उरत नाही, उलट खर्च वाढतो.

रेडिओच्या खरखरीचा संबंध नक्कीच असू शकतो. एलईडी बल्बच्या बुडात प्रवाह नियंत्रित करणारे सर्किट अतिशय वेगाने चालू-बंद होत असते. त्यावर पुरेसा गाळणी-भाग बसवलेला नसेल तर त्याचा विद्युत-चुंबकीय गोंगाट वायरिंगमधून अँटेनापर्यंत पोहोचतो. एखादे क्षीण ऐकू येणारे केंद्र लावा, मग दिवे चालू-बंद करून पाहा. खरखर त्याबरोबरच येत-जात असेल तर कारण हाती लागले. दूरनियंत्रक किल्ली जवळ जाऊनच चालू लागली असेल तर तेही याच दोषाचे लक्षण असू शकते. अशा वेळी बल्ब बदलणे हाच उपाय आहे, वायरवर काहीबाही गुंडाळून तो दोष जात नाही.

प्रश्न : बल्ब बदलण्याऐवजी संपूर्ण एलईडी डे-टाइम रनिंग लाइटचा वेगळा संच बंपरमध्ये बसवला तर?

उत्तर : माझ्या मते हा अधिक सरळ मार्ग आहे, कारण त्यात चिप, भिंग आणि उष्णता वाहून नेणारा पत्रा एकमेकांसाठीच घडवलेले असतात. २००४ साली ऑडीने ए८ डब्ल्यू१२ मध्ये दिवसाच्या दिव्यासाठी एलईडी आणल्या तेव्हा त्या गाडीसाठी रचलेल्या होत्या, जुन्या रिफ्लेक्टरमध्ये खुपसलेल्या नव्हत्या. कायद्याच्या दृष्टीनेही फरक पडतो. संयुक्त राष्ट्रांचे वाहन नियम पाळणाऱ्या देशांत दिव्याला मान्यता मिळते ती ठरावीक जातीच्या बल्बसह. पी२१डब्ल्यूसाठी मान्यता मिळालेल्या दिव्यात त्या मान्यतेबाहेरचा एलईडी बल्ब लावला की वाहन-तपासणीत आक्षेप येऊ शकतो. आपण राहता तेथील नियम बल्ब घेण्याआधीच पाहून घ्यावेत. वेगळा संच घेताना काचेवर वर्तुळातील ‘ई’ आणि देशक्रमांक असलेली खूण व तिच्यासोबत ‘आरएल’ ही अक्षरे शोधा. ‘आरएल’ म्हणजे दिवसाचा दिवा म्हणून मिळालेली मान्यता.

बसवण्याची मापेही ठरलेली आहेत. दिवे जमिनीपासून २५० ते १५०० मिलिमीटर उंचीच्या पट्ट्यात असावेत आणि दोन्ही दिव्यांच्या आतल्या कडांमध्ये किमान ६०० मिलिमीटर अंतर असावे. गाडी १३०० मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर ४०० चालते. वीज बॅटरीवरून घेत असाल तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे पुढे कोठेही वायर घासली गेली तरी आग लागण्याआधी तो उडेल. इंजिन सुरू होताच दिवे आपोआप लागावेत आणि हेडलाइट लावताच ते विझावेत किंवा मंद व्हावेत, अशी जोडणी संचासोबतच्या नियंत्रकातून करून घ्यावी. नुसत्या बटणावर ते सोडून दिले तर रात्री कोणीतरी ते चालूच ठेवील आणि समोरच्याचे डोळे दिपतील.

शेवटी, संच लावा किंवा बल्ब बदला, एक तपासणी प्रत्येकाने जरूर करावी. संध्याकाळी उजेड कमी होताना गाडी सुरू करून, हेडलाइटचे बटण न दाबता मागे जाऊन उभे राहा. बऱ्याच गाड्यांत दिवसाचे दिवे लागलेले असतात, डॅशबोर्डही उजळलेला असतो आणि मागचे टेललाइट मात्र पूर्ण बंद असतात. समोर प्रकाश पडलेला दिसतो म्हणून चालकाला हेडलाइट लागले असे वाटते, आणि नवे एलईडी जितके तेजस्वी तितकी ही फसगत सोपी होते. धुक्यात किंवा मुसळधार पावसात मागून येणाऱ्याला ती गाडी दिसतच नाही. तुमच्या गाडीत मागे अंधार दिसला, तर आणि हेडलाइटच्या खटक्यावर ‘ऑटो’ असेल, तर तो त्यावर ठेवा. ‘ऑटो’ नसेल तर वायपर लावताना आणि दिवस मावळू लागताना हेडलाइट हाताने लावा. ‘ऑटो’ असला तरी दिवसाढवळ्या पडलेले धुके बहुतेक संवेदकांना ओळखता येत नाही, म्हणून धुक्यात बटण स्वतःच फिरवावे लागते.